महिनाभराची भुरभुर

कोरड्या मुलखात पर्जन्यमापक बसवायला गेलेल्या धाकट्याने ताईला फोन लावला. ताई वेधशाळेत होती. त्याच मुलखात पाऊस कसा पडेल, ते संगणकाच्या मॉडेलवर आधीच पडताळून बघायचं, हे तिचं काम.

"ताई, भांडं टेकाडावर बसवलं. पण मी झोपू कुठे? इथे वारा नुसता कानफटात देतोय. खाली ओढ्यात वाळू कशी गादीसारखी आहे!"

ताईने पडद्यावर नजर टाकली. महिनाभर, रोज अगदी चिमूटभर पाऊस.

"मग ओढ्यातच ठोक तंबू. नुसती भुरभुर आहे. तेवढ्याने तू जागासुद्धा व्हायचा नाहीस, कुंभकर्णा!"

"मॉडेलची शपथ?"

"माझी शपथ."

महिना सरला. ओढ्याच्या लोंढ्याने तंबू नेला, धाकट्याला नेलं. टेकाडावरचं पर्जन्यमापक तेवढं सहीसलामत घरी आलं. ताई ते मांडीवर घेऊन बसली होती.

आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "किती दिवस मनाला लावून घेशील, बाळ? तुझं मॉडेल म्हणजे यंत्रच ते. चुकलं असेल."

"चुकलं असतं तर बरं झालं असतं गं, आई. महिन्याचा जेवढा पाऊस सांगितला, तेवढाच या भांड्यात पडला. थेंबाचा फरक नाही."

आईला काही कळेना. "मग?"

"रोज थोडा थोडा पडायचा होता. तो सगळा एकाच पहाटे पडला."