बोटीवरचं नाव

तिची टकळी दिवसभर चालू असायची, म्हणून नवरा तिला लाडाने टिटवी म्हणायचा. ते नाव घराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढे त्याने शिडाची बोट घेतली आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत तेच नाव रंगवून घेतलं, तेव्हा ही लाजून चूर झाली होती.

त्याच वर्षी सासूबाई अंथरुणाला खिळल्या. तेव्हापासून दरवर्षी महिनाभर तो एकटाच बेटांवर फिरून यायचा. ती कुरकुरली की म्हणायचा, "अगं, तू नसलीस तरी तुझंच नाव घेऊन फिरतो ना!" एवढ्यावर ती विरघळायची आणि सासूबाईंची चादर बदलायला उठायची. नऊ वर्षांनी सासूबाई गेल्या आणि ती पहिल्यांदाच त्या बोटीत चढली.

दोन बेटं मजेत झाली. तिसरं मात्र टाळायचंच म्हणून तो हटून बसला. "तिथं काय ठेवलंय बघण्यासारखं?" पण प्यायचं पाणी संपलं होतं. नाइलाजाने त्याने सुकाणू वळवलं.

तिथल्या धक्क्यावरच्या म्हाताऱ्याने बोट ओळखून लांबूनच हात केला. दोर झेलून खुंटाला बांधला आणि तिला उतरायला हात दिला. "जपून हं, ताई. नवीन दिसताय."

मग तो हसत नवऱ्याकडे वळला.



"काय कॅप्टन, या खेपेला टिटवीवहिनी नाही आल्या?"