एकोणसाठ मार्कांचे देश

नोएडातल्या ऑफिसच्या नवव्या मजल्यावर बसून सुधाकर टांझानियाच्या किनाऱ्यावर फिरत होता. खाली ट्रॅफिक तुंबलं होतं. काचेबाहेर धुरकट पांढरं आभाळ होतं आणि त्या पांढऱ्यातच त्याला दार-एस-सलामचं बंदर दिसत होतं. आपला पूल तिथे कुठून कुठे जाईल, हेही त्यानं ठरवून टाकलं होतं.

त्याची कंपनी पूल बांधायची, आणि कोणत्या परदेशात जायचं ते शंभर मार्कांच्या तक्त्यावर ठरवायची. सिमेंट, बंदर, कायदे, पाऊस, सगळ्याला मार्क. साठ मिळाले की देश पास. पण मालक इंद्रजित साहेबांचा एक खाक्या होता. जो कुणी देश पास करील, त्यानंच तिथे जाऊन पहिली तीन वर्षं राहायचं. त्यामुळे शहाणी माणसं हे काम अंगावर घेतच नसत. सुधाकर मात्र नऊ वर्षं ते मनापासून करत होता. सात देश झाले, सातही एकोणसाठवर आपटले.

आपटले कसले, त्यानंच आपटले होते. तक्त्यात शेवटचा रकाना होता, 'आपल्या माणसाला तिथे करमेल का?' तिथे आला की त्याला बायको आठवे. दिल्लीतल्या द्वारकेतली सोसायटी, तिथल्या मराठी मंडळाचं गणपतीतलं नाटक, यांत कल्पनाचा जीव रमलेला. तिला कशाला उपटून न्यायचं, म्हणून तो एक मार्क कापी. रोज जेवताना मात्र तिला त्या देशाच्या गोष्टी सांगत बसे. माणूस प्रेमळ, पण विचारायला आळशी.

आज चारपर्यंत तक्ता द्यायचा होता. रिटायर व्हायला सव्वातीन वर्षं उरली होती. यानंतरच्या देशासाठी नोकरीच पुरली नसती. त्यानं सवयीनं एकोणसाठ लिहिले आणि त्याला एकदम फार वाईट वाटलं. त्यानं घरी फोन लावला.

"टांझानियापण गेलं," तो म्हणाला. "एका मार्कानं."

पलीकडून कल्पनानं विचारलं, "अहो, दरवेळी एकाच मार्कानं कसं जातं? मी दरवेळी शेजारच्या वीणाला सांगून ठेवते, यंदा नाटक तू बसव म्हणून."

"मग कधी बोलली नाहीस?"

"मला वाटलं, तुम्हालाच जायचं नसेल."

नऊ वर्षं दोघं एकमेकांसाठी घरात बसली होती. सुधाकरला हसू आलं आणि डोळेही भरून आले. त्यानं आकडा खोडला.

"कल्पना, साठ करतोय."

"करा," ती म्हणाली. "आणि येताना कणकेची पिशवी पाच किलोचीच आणा. दहाची आता संपायची नाही."