खोक्यावरचा आकडा

"आई, तिसऱ्यांदा?" रायफलीमागे पालथी पडलेली ऋजुता वैतागली. "आकडा आवडला नाही म्हणून परत मोजायचं नसतं, असं तूच शिकवलंस ना?"

वैजयंतीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. एक वेगमापक नळीच्या तोंडाशी होतं, दुसरं पार लक्ष्यापाशी. मधल्या वाटेत वेग किती घटतो त्यावरून गोळी हवेला किती जुमानत नाही, ते कळतं. तो आकडा गोळ्यांच्या खोक्यावर छापलेलाच होता. त्यावरूनच रायफलीवरची दुर्बीण जुळवली होती, तरी लेकीच्या गोळ्या खालीच लागत होत्या. "चाप ओढताना हात दबतो हिचा," असं नेमबाजी शिकवणारे सर म्हणाले, ते आईच्या जिव्हारी लागलं होतं. निवडचाचणी आठवड्यावर आली होती. दोष गोळीचाच निघायला हवा होता.

बार झाला. वैजयंतीने दोन्ही वेग पाहिले, चष्मा पुसून पुन्हा पाहिले. आकडा खोक्यावरच्याशी तंतोतंत जुळत होता. 'वारा असेल,' असं म्हणावंसं वाटलं; पण माळावर गवताचं पातंही हलत नव्हतं.

"खोकं खरं बोलतंय गं," ती कशीबशी म्हणाली.

"सुटले!" ऋजुताने श्वास सोडला. "दुसऱ्या गोळ्या आठवड्यात कुठून आणल्या असत्या? हात काय, इथेच आहे." तिने रायफल रिकामी केली, नळीवर रुपया ठेवला आणि हलकेच चाप ओढला; हात दबला नाही, तर रुपया जागचा हलत नाही. रुपया घरंगळून मातीत पडला.

वैजयंती खाली वाकली. तिने तो पदराला पुसला आणि पुन्हा नळीवर ठेवला.