मधलं बटण

पोलीस ॲक्शननंतर परभणीत स्टुडिओ टाकलेला नवखा भीमाशंकर उपवर महादेवीचा फोटो काढायला पालमला गेला. तिच्या वडिलांनी सांगून आलेल्या तीन मुलांचे फोटो कौतुकाने दाखवले. “तिघंबी कोटवाले, लय मालदार!” भीमाशंकरच्या तोंडचं पाणी पळालं. तिघांच्याही अंगात त्याच्या स्टुडिओतला, गिऱ्हाइकांसाठी ठेवलेला एकच कोट होता, मधलं बटण तुटलेला. हे फुटलं तर दुकान बसलंच! तो घाईने कॅमेऱ्यामागच्या काळ्या कापडात शिरला. काचेवर उलटी दिसणारी महादेवी फोटोंकडे बघून हसत होती. वडील वळताच हळूच म्हणाली, “तिघायचंबी मधलंच बटन कसं तुटलं वो?” वडिलांना तिने अवाक्षर सांगितलं नाही, तो निघताना एक बटण त्याच्या हातावर ठेवलं. “चौथ्याच्या फोटोआदी लावा.” हिचे उपकार फिटायचे नाहीत, भीमाशंकरला वाटलं. महिन्याने पालमला चौथा फोटो पोचला. त्यात भीमाशंकर होता, बिनकोटाचा.