सातही खोके

वडिलांचे सहाच महिने उरलेत असं डॉक्टरांनी सांगितलं आणि मुलाने त्यांच्या खोलीची आवराआवर काढली. महाकाय रोबोटांच्या मॉडेल किटचे सात जुने खोके वडिलांनी तरुणपणापासून जपले होते. निवृत्त झाल्यावर जोडीन म्हणत एकही उघडला नव्हता. ते विकत घ्यायला मुलाने बोलावलेला संग्राहक म्हणाला, "सील शाबूत आहे म्हणून नेतोय. उघडलेल्या खोक्याला मी हात लावत नाही."

आईने जप पुरा केला, माळ डोळ्यांना लावून ठेवली आणि कात्रीने पहिल्या खोक्याचं सील कापलं. मग दुसऱ्याचं.

"अगं आई, काय करतेस!"

सातवा उघडेपर्यंत संग्राहक जिना उतरून गेला होता. तिने पलंगाशी बसून नवऱ्याच्या बोटांत रोबोटचं एक पाऊल दिलं. "रोज एकच भाग जोडायचा. आजपासून आपल्या दोघांचा नेम."

मुलाने तिला बाहेर बोलावलं. "एकेका खोक्यात दोनशे भाग आहेत, आई. सगळे जोडायला चार वर्षं लागतील!"

"ठाऊक आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "म्हणून तर सातही उघडले. नेम अर्धवट टाकून जायचं नाही, असं त्यांनाही बजावलंय."