आधी मी खेळून बघणार

कुकर गार झाला तरी वृंदाने मोबाइल खाली ठेवला नव्हता. आठ वर्षांच्या लेकीने धावणाऱ्या निन्जाचा गेम मागितला होता. "आधी मी खेळून बघणार, मगच हो की नाही सांगणार," वृंदाने ठणकावलं होतं.

तिला भीती निन्जाच्या हातातल्या तलवारीची होती. पण रक्ताचा थेंबही दिसला नाही; तलवार लागली की शत्रूचा नुसता धूर व्हायचा. निन्जा छपरावरून पडला की लगेच बटण लुकलुकायचं: 'पुन्हा?'

"आई, भूक लागलीये."

"एवढा गेम संपू दे, उठतेच."

"अगं, हा संपतच नसतो!"

बटणाकडे निघालेला अंगठा वृंदाने मुठीत आवळला आणि मोबाइल बंद केला.

"तलवारीचं काही नाही गं," पान वाढताना ती म्हणाली, "पण जिथून मलाच उठवेना, तिथे मी तुला बसू देणार नाही."