टेबलाखालचा नंबर
विद्यापीठाच्या मेल सर्व्हरमधून कोणत्या संगणकांची पत्रं बाहेर सोडायची, ती यादी नालवोगाच्या हातात होती. सकाळीच तिने यादीतून कुलसचिवांचा संगणक मुद्दाम उडवला. कुलगुरुपदाचा अर्ज पाठवायला तासच उरला, तेव्हा त्यांनी तिला बोलावलं. “माझाच मेल परत का येतोय?” “तुमचं मशीन यादीत नाही, सेबो,” तिच्या भाषेत ‘साहेब’ म्हणत ती उत्तरली. तिचा बाप वारला तेव्हा रजेसाठी ती याच दारात, कंपालातल्या बायकांच्या रीतीने गुडघे टेकून, दोन दिवस बसली होती. “भेटणाऱ्यांच्या यादीत तू नाहीस,” त्यांनी सुनावलं. दफन तिच्याविना झालं. “मग घाल ना यादीत,” कुलसचिव आता म्हणाले. “त्याला मशीनचा नंबर लागतो. तो टेबलाखाली, मशीनच्या मागे चिकटवलाय. तुम्हीच वाचा, माझे गुडघे गेलेत.” कुलसचिव टेबलाखाली गुडघे टेकून आकडे वाचू लागले. बाहेर भेटणाऱ्यांची रांग होती. नालवोगाने दार सताड उघडलं. “ऐकू नाही आलं, सेबो. पुन्हा पहिल्यापासून वाचा.”